उंची कमी असेल तर कोटाची लांबी किती ठेवायची?

लग्नसराईत सूट शिवायला टाकताना कापडावर तासभर खल होतो आणि कोटाची लांबी मात्र टेप टाकल्याबरोबर ठरून जाते. ५ फूट ९ इंचाच्या माणसाला ते चालून जातं. ५ फूट ३ ते ५ फूट ६ इंच उंची असेल तर एका इंचाचा फरकही चार पावलांवरून दिसतो. आणि हा फरक नंतर दुरुस्त करता येईलच असं नाही, कारण मुख्य बटण, खिसे आणि खालची कड या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणून लांबी खिसे कापायच्या आधी पक्की झाली पाहिजे.

मोजायला सुरुवात मानेपासून करा. मान खाली वाकवली की मागे, मानेच्या बुडाशी एक हाड हाताला लागतं. कोटाच्या कॉलरची शिलाई तिथेच येते. आता मान सरळ करून अनवाणी उभं राहा आणि त्या हाडापासून जमिनीपर्यंत दुसऱ्याकडून माप घ्या. टेप पाठीला चिकटवू नका, सरळ सोडा. आलेल्या मापाचं निम्मं म्हणजे कोटाची पाठीमागची लांबी, कॉलर सोडून. ५ फूट ४ इंचाच्या माणसाचं हे माप साधारण ५५ इंच भरतं, म्हणजे कोट २७.५ इंचाचा. ५ फूट ८ इंचाला तेच २९ इंचांच्या थोडं पुढे जातं. अंगठ्याच्या पेरापर्यंत किंवा मुठीत कड येईल इतका कोट ठेवायची पद्धत सर्रास दिसते, पण तिच्यावर विसंबू नका. सारख्याच उंचीच्या दोघांच्या हातांच्या लांबीत सहज दीड-दोन इंचांचा फरक असतो.

निम्म्याचा आकडा ही सुरुवात. शेवटचा शब्द सीटचा, म्हणजे बसायच्या भागाचा. बाजूने पाहिलं तर कोटाची कड सीटचा फुगवटा संपून मांडी सुरू होते तिथे यायला हवी. धड आखूड आणि पाय लांब असतील तर निम्म्याच्या मापात सीट झाकूनही खाली कापड उरतं. तिथे अर्धा इंच खुशाल कमी करा. खरी अडचण उलट ठेवणीची आहे, लांब धड आणि आखूड पाय. सीट पूर्ण झाकायला गेलं की पाय आणखी आखूड दिसतात. अशा वेळी सीटचा शेवटचा अर्धा इंच उघडा राहू द्यावा, त्याहून जास्त नको, आणि बाकीचं काम पँटकडून करून घ्यावं: पँट कमरेवर, बेंबीच्या जरा खाली बसणारी, आणि बुटावर चुणी न पडणारी.

कोट आखूड केला की पाय लांब दिसतात, हे अर्धवट खरं आहे. एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे सीट उघडी पडते, धड चौकोनी होतं, आणि बटणाखालून शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावू लागतो. तो त्रिकोण नजर थेट माणसाच्या मध्यावर थांबवतो. कमी उंचीच्या माणसाला नेमकं तेच नको असतं.

आता बटण. दोन बटणांच्या कोटात वरचं, म्हणजे लावायचं बटण बेंबीच्या पातळीला किंवा फार तर इंचभर वर असावं. खालचं बटण साधारण खिशाच्या तोंडाच्या रेषेत येतं. ठरीव आराखड्यात कोटाची लांबी दोन इंचांनी घटवली आणि बटण, खिसे जिथल्या तिथे ठेवले, तर खिसे खाली ओघळल्यासारखे दिसतात. मास्टरला स्पष्ट सांगा की लांबी घटेल त्या प्रमाणात बटण आणि खिसेही वर घ्यायचे. खिशाचा फ्लॅप, म्हणजे तोंडावरची झाकणपट्टी, सव्वादोन इंचांऐवजी पावणेदोन इंच ठेवा. पाठीमागे कडेपासून वर जाणारे कट दोन असतील तर तेही त्याच हिशेबाने आखूड हवेत.

तयार कोट घेणाऱ्यांची अडचण वेगळी. आपल्याकडे बहुतेक दुकानांत ३८ म्हणजे छाती, आणि त्या छातीला एकच लांबी. कुठे ‘शॉर्ट’, म्हणजे त्याच छातीचा पण आखूड कोट मिळत असेल तर भाव जास्त असला तरी तोच घ्या, कारण त्यात बटण आणि खिसेही वर घेतलेले असतात. ऑनलाइन घेताना लांबी कुठून मोजली आहे ते पाहा. खांद्याच्या सर्वांत उंच बिंदूपासून मोजलेली लांबी पाठीमागच्या मापापेक्षा पाऊण ते एक इंच जास्त भरते.

नेहमीचा कोट घेऊन खालून कापून घ्यायचा असेल तर एक इंच ही मर्यादा समजा. खिशाच्या तोंडापासून कडेपर्यंतचं अंतर मुळात नऊ-दहा इंच असतं. दोन इंच कापले की तोल गेलाच. वरून शिवलेले पॅच खिसे असतील तर एक इंचही जड जातो, कारण खिशाच्या बुडाखाली कापड फारसं उरलेलं नसतं. समोरच्या कडेची गोलाई पुन्हा आखायला सांगा, नाहीतर कोपरे टोकदार होतात. अस्तर कडेच्या पाऊण इंच वर थांबवून आत छोटी ढिली घडी ठेवायची असते. ती घाईत राहून गेली की अस्तर कापडाला वर ओढतं आणि कड आत वळते. दुरुस्त केलेला कोट हातात आला की कड उलटून आधी ही घडी तपासा.

शिवून घेत असाल तर कच्च्या शिलाईची ट्रायल सोडू नका. तोपर्यंत खिसे कापू नयेत आणि खालच्या कडेला दीड इंच माया (आत दुमडून राखलेलं जादा कापड) ठेवावी, हे कापड देतानाच ठरवा. ट्रायलला लग्नात घालायचे तेच बूट आणि तीच पँट असू द्या. बटण लावून बाजूने पाहा. पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा इंच खाली चालते, वर मात्र चालत नाही. पोट असेल तर ते पुढचा भाग उचलतं, म्हणून पुढच्या भागाला अर्धा-पाऊण इंच जास्त द्यावा लागतो. पाठीला किंचित बाक असेल तर हाच न्याय मागच्या भागाला. दोन्ही ठिकाणी सरसकट लांबी वाढवली तर कोट फक्त मोठा होतो, तोल सुधारत नाही.

बंदगळ्याला समोर लॅपलची, म्हणजे छातीवर उलटलेल्या पट्ट्यांची, उभी फट नसते, त्यामुळे धड आपोआप सलग आणि लांब दिसतं. तिथे सीटच्या खाली लांबी वाढवायचा मोह आवरा. सुटाएवढीच लांबी किंवा फार तर अर्धा इंच जास्त, बस्स.

निर्णय घेताना दुकानातल्या आरशापेक्षा फोटोवर विश्वास ठेवा. भिंतीला टेकवून तिरका ठेवलेला आरसा प्रमाण बिघडवतो. आठ-दहा फुटांवरून, फोन कमरेच्या उंचीला धरून, समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो काढून घ्या. डोळ्यांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि चांगला बेतलेला कोटही उगाच लांब वाटून मायेतला इंच कापला जातो.