मुहूर्त नसतात तेव्हा : आमच्या स्टुडिओची वाटचाल

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाशिकमध्ये आमचा फोटो स्टुडिओ सुरू केला तेव्हा पासपोर्ट फोटो, शाळांचे वर्गफोटो आणि लग्ने या तीन कामांवर घर चालत असे. आज पासपोर्ट फोटोचे काम नावापुरते उरले आहे, वर्गफोटो बहुतेक शाळांत मोबाइलवरच निघतो आणि लग्नाच्या फोटोग्राफीचे रूप इतके पालटले आहे की अण्णांच्या वेळचा अल्बम आमच्या आजच्या अल्बमशेजारी ठेवला, तर ही दोन्ही कामे एकाच स्टुडिओची आहेत हे कोणाला पटणार नाही. या काळात आमच्या ओळखीचे अनेक स्टुडिओ बंद झाले. त्यांच्याकडे कसब कमी होते असे मला मुळीच वाटत नाही. त्यांतल्या काहींचा पोर्ट्रेटमधला हात आमच्यापेक्षा सरस होता. पण या धंद्यात रोज तेच ते काम करूनही नवे काही करून पाहण्याची जी उमेद लागते, ती आपोआप टिकत नाही. तिची तजवीज करावी लागते, वेळापत्रकात आणि हिशेबात तिला जागा द्यावी लागते. आम्ही ती कशी दिली, हे इथे सविस्तर लिहीत आहे.

अण्णांना अशी वेगळी तजवीज करावी लागली नाही, कारण त्यांच्या कामातच प्रयोग होता. कृष्णधवल निगेटिव्ह घरच्याच डार्करूममध्ये धुतली जात असे. लाल दिव्याच्या उजेडात, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर चेहरा उमटू लागला की ट्रे हलकेच हलवत ते कोणता भाग आधी काळा पडतो आहे याकडे लक्ष ठेवत, आणि पुढच्या प्रिंटच्या वेळी एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचे चित्र कागदावर मोठे करून पाडणाऱ्या यंत्राखाली, हाताची सावली धरून नेमका तेवढ्याच भागाचा उजेड अडवत. डोळ्यांखालची वर्तुळे घालवायची असतील तर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने हलका हात फिरवत. रंगीत फिल्म आली आणि हे सगळे थांबले. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ सव्वातीन मिनिटे इतकी काटेकोर ठेवावी लागते, त्यामुळे लहान स्टुडिओंनी रोल कलर लॅबमध्ये धुवायला देणे हेच शहाणपणाचे होते. पुढे डिजिटल कॅमेरे आले. फिल्मवाल्यांपैकी पुष्कळ जण डिजिटलला दोष देतात, पण माझे मत वेगळे आहे. कंटाळा त्याआधीच, लॅबच्या काळात, शिरला होता. वधूने हनुवटीखाली हात ठेवायचा, वराने खुर्चीच्या पाठीवर हात टेकायचा, ग्रुप फोटोत मोठ्यांनी बसायचे आणि लहानांनी उभे राहायचे, असा ठरून गेलेला क्रम एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जसाच्या तसा जात होता, आणि तो कोणत्या कॅमेऱ्याने टिपला याने काही फरक पडत नव्हता.

स्टुडिओची जबाबदारी माझ्याकडे आल्यावर मी पहिला निर्णय घेतला तो चातुर्मासाबद्दल. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात आणि तुळशीचे लग्न लागले की सीझन सुरू होतो, हे आमच्या धंद्याचे पंचांगच आहे. या चार महिन्यांत बहुतेक स्टुडिओ कामावरच्या मुलांना सुट्टी देतात, उधारी वसूल करतात, आणि सामानाची दुरुस्ती काढतात. लेन्सला बुरशी लागण्याचे दिवसही हेच, म्हणून लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यांत ठेवून वरचेवर तपासाव्या लागतात. ही कामे आम्हीही करतो, पण चातुर्मासात आमच्याकडे कोणाचा पगार थांबत नाही आणि दर वर्षी, ज्याचे गिऱ्हाईक अजून आलेले नाही असे एक तरी काम आम्ही हाती घेतो. मुले-मुली त्याला ‘चातुर्मासाचा नेम’ म्हणू लागली आणि तेच नाव रुळले.

पहिला नेम सायनोटाइपचा, म्हणजे उन्हात निळे ठसे काढण्याचा, होता. ही पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या वनस्पतींच्या अभ्यासक बाईंनी समुद्रशैवलांचे ठसे याच पद्धतीने काढायला सुरुवात केली. इंजिनिअरांची जुनी ब्लूप्रिंट निघायची ती याच रसायनांवर. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणे अंधुक उजेडात एकत्र करून सुती कागदावर ब्रशने लावायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर पान, फूल किंवा निगेटिव्ह ठेवून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचे. श्रावणात ढगांमुळे एका ठशाला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो; शिवाय दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. ऑक्टोबरची कडक ऊन्हे या कामाला अगदी योग्य. पिवळट हिरवा कागद उन्हात करडा पडत जातो आणि पाण्यात धुतला की त्याचा गडद निळा होतो. बोअरच्या पाण्यात धुतलेले आमचे ठसे फिके येत होते, कारण हा निळा रंग क्षारधर्मी पाण्याला टिकत नाही. पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घालू लागलो तेव्हा तो निळा टिकू लागला. या कामातून थेट मिळकत फारशी झाली नाही. शाळांच्या काही कार्यशाळा मिळाल्या, एवढेच. पण डिजिटलवरच वाढलेल्या आमच्या मुलांना उजेड ही मोजून खर्च करण्याची वस्तू आहे हे हातांनी कळले, आणि त्यानंतर मांडवातल्या दिव्यांकडे ती वेगळ्या नजरेने पाहू लागली.

ज्या नेमाने आमच्या व्यवसायाची दिशा बदलली तो मात्र द्राक्षांचा. त्याची प्रेरणा आमच्याच जिल्ह्यातली होती. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्याला फोटोचा व्यवसाय केला होता. १९१२ साली आपल्याला हे तंत्र जमते हे भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढत असताना एकेक चौकट टिपून त्याची छोटी फिल्म तयार केली. हातात काम येण्याआधीच करून दाखवलेले हे काम मला आजही फोटोग्राफीच्या व्यवसायातला आदर्श वाटते. आमच्या भोवती मैलोन् मैल द्राक्षबागा असताना आपण हेच द्राक्षाच्या घडाबाबत का करू नये, असे आम्ही ठरवले, आणि निफाड तालुक्यातल्या परिचयाच्या एका बागाईतदारांनी एक ओळ आमच्या हवाली केली.

ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने जातात. दिवसाउजेडी ताशी एक याप्रमाणे दहा फ्रेम घेतल्या तर १२० दिवसांत १,२०० फ्रेम होतात, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने त्यांची फिल्म ४८ सेकंदांची होते. गणित सोपे आहे; अवघड असते ती बाग. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फ्रेमचा उजेड थोडा थोडा वेगळा येतो आणि फिल्म लुकलुकते, म्हणून शटरचा वेग, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हे सगळे हाताने ठरवून बांधून टाकावे लागते. फवारणीच्या दिवशी बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचा निळसर थर काचेवर बसतो, म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीला पुढे बदलता येणारी साधी काच बसवली आणि ती पुसण्याचे काम बागेतल्या मावशींनी आपणहून अंगावर घेतले. घडापुढे नवे पान आले की ते बाजूला बांधायचे, पण घडावर पडणारी सावली बदलू द्यायची नाही. विरळणी आणि डिपिंगच्या (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या) वेळी मजुरांचे हात फ्रेममध्ये येत. ते काढून टाकावेत असे आधी ठरले होते, पण पाहिल्यावर सगळ्यांचे एकमत झाले की ते हातच फिल्मचा प्राण आहेत, आणि ते राहू दिले. मण्यांचा आकार वाढत जातो, घड झुकतो, हिरवा रंग पारदर्शक होत जातो आणि मधूनच दोन सावळे हात क्षणभर येऊन नको ते मणी खुडून जातात.

ही फिल्म बागाईतदारांनी आपल्या ओळखीच्या निर्यातदारांना दाखवली आणि पुढच्या हंगामात आम्हाला द्राक्षांच्या फोटोग्राफीची कामे येऊ लागली. आज आमच्या उलाढालीचा मोठा भाग शेतमालाच्या आणि वस्तूंच्या फोटोग्राफीचा आहे. या कामातही शिकण्याला अंत नाही. द्राक्षावर जो पांढुरका मेणचट थर असतो तोच ताजेपणाची खूण असतो आणि बोट लागताच तिथला थर निघून मणी चकचकीत दिसतो. म्हणून घड देठालाच धरायचा, हा नियम आमच्याकडे नव्याने आलेल्याला कॅमेरा हातात देण्याआधी शिकवला जातो. येवल्याच्या पैठणीच्या कामात असाच एक धडा मिळाला. रेशमावरची अनावश्यक चमक घालवण्यासाठी दिव्यावर आणि लेन्सवर परस्परांना आडवे असे पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, उजेड पुढे जाऊ देणारे फिल्टर) लावून पाहिले, तेव्हा रेशमाचा रंग खोल आला, पण जरीकाम काळपट तपकिरी झाले. धातूवरून परतणारा उजेड त्याच दिशेने ध्रुवित राहतो आणि लेन्सवरचा फिल्टर तो सगळा अडवतो. आता आम्ही एका बाजूने, कापडाला जवळजवळ समांतर असा मऊ उजेड टाकतो, त्याने पदरावरच्या मोराची वीण उठून दिसते आणि जरीकाम त्याच्या मूळ रंगात राहते. धूपछाँव साडी असेल तर दिवा किंचित सरकवून उभ्या आणि आडव्या धाग्यांचे दोन्ही रंग दाखवणाऱ्या दोन फ्रेम घेतो.

लग्ने आम्ही सोडलेली नाहीत, आणि सोडणारही नाही. लग्नाच्या कामात प्रयोग करता येत नाही, कारण क्षण पुन्हा येत नाही, असे अनेक सहव्यावसायिक म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे. म्हणूनच आमच्याकडे महत्त्वाच्या प्रत्येक विधीला दोन फोटोग्राफर असतात: एकाने खात्रीची फ्रेम घ्यायची आणि दुसऱ्याने खात्री नसलेली. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो तेव्हा चारी बाजूंनी अक्षता पडत असतात. पहिला फोटोग्राफर शटर वेगवान ठेवून वधूवरांचे चेहरे आणि हवेतला दाणा न् दाणा स्पष्ट टिपतो. दुसरा त्याच क्षणी शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत संथ करतो आणि फ्लॅश एक्स्पोजरच्या शेवटी पेटेल असा लावतो. एरवी फ्लॅश सुरुवातीला पेटतो, त्यामुळे अक्षतेची रेघ दाण्याच्या पुढे उमटते आणि अक्षता वर चढत असल्याचा भास होतो. शेवटी पेटलेल्या फ्लॅशने रेघ दाण्याच्या मागे राहते आणि लाल-पिवळ्या अक्षता खरोखरच पावसासारख्या कोसळताना दिसतात. अशा फ्रेममध्ये एखादा चेहरा हलतोच. तरीही अल्बम निवडताना घरच्या मंडळींनी हीच फ्रेम दोन पानांवर मोठी लावायला सांगितल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि ज्या मुलीने ती टिपलेली असते तिच्या पुढच्या सीझनच्या कामात त्याचा फरक दिसतो.

पैशांची बाजूही लिहायला हवी, कारण उत्साहाच्या गोष्टी सांगताना ती बहुधा गाळली जाते. आमच्या वहीत भाडे, वीजबिल आणि पगारांच्या खाली ‘प्रयोग’ असे स्वतंत्र खाते आहे. सीझनमधल्या प्रत्येक ऑर्डरचा ठरावीक हिस्सा त्यात जातो आणि चातुर्मासातले पगार, कागद, रसायने, प्रवास हे सगळे त्यातून निघते. त्या खात्यातून कॅमेरा किंवा लेन्स विकत घ्यायची नाही, हा नियम मी कधी मोडू दिलेला नाही. नवा कॅमेरा आला की काही आठवडे सगळ्यांना हुरूप येतो आणि मग जुनेच काम नव्या कॅमेऱ्याने सुरू होते. उलट एका चातुर्मासात सगळ्यांनी फक्त झूम न होणारी ५० मिमीची लेन्स वापरायची असे ठरवले, तेव्हा झूम फिरवायची सवय असलेल्या मुलांना पायांनी पुढे-मागे व्हावे लागले, माणसांशी बोलल्याशिवाय जवळ जाता येईना, आणि त्या महिन्यांतल्या पोर्ट्रेटमध्ये जो आपलेपणा आला तो आम्ही नंतर लग्नाच्या कामातही टिकवून ठेवला. दर आठवड्याला प्रत्येकाने आपले एक चित्र प्रिंट करून भिंतीवर लावायचे आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, ही प्रथाही याच खात्यातून चालते. तिथे दादा-ताई असा मान राखला जातो, पण मत देताना वयाचा किंवा पदाचा विचार होत नाही. माझ्या चित्रांवरही सगळे जण मोकळेपणाने बोलतात.

सध्या आमची तयारी २०२७ मधल्या सिंहस्थाच्या निमित्ताने चालू आहे. २०१५ च्या सिंहस्थात आम्ही पर्वणीच्या दिवशीची गर्दी टिपली होती. तशी चित्रे या वेळीही हजारो कॅमेरे काढतील. आम्ही गोदाघाटावरच्या काही ठरावीक जागा निवडल्या आहेत: रामकुंडाच्या पायऱ्या, भाजीवाल्या बसतात तो कोपरा, नदीपलीकडचा एक ओटा. त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच लेन्सने पर्वणीआधी, पर्वणीत आणि पर्वणीनंतर चित्रे घ्यायची आणि त्यांच्या मोठ्या निगेटिव्ह करून ठसे सायनोटाइपमध्ये काढायचे, असे ठरले आहे. जागांची मोजमापे घेऊन झाली आहेत, भाजीवाल्या मावशींची परवानगीही मिळाली आहे. एवढ्या मोठ्या कागदावर रसायनाचा एकसारखा हात कसा फिरवायचा, हे अजून ठरायचे आहे. स्टुडिओतली सर्वांत नवी मुलगी त्यासाठी रुंद स्पंज वापरून पाहते आहे.