गोठ्याशेजारची फियाट, ७१ चं मॉडेल

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांचं काम बऱ्यापैकी येतं, पण कुणाच्या घरी जाऊन अख्खी गाडी उभी करायचं काम मी शक्यतो घेत नाही, कारण एक पाना कमी पडला तरी अर्धा दिवस जातो. हे घेतलं ते आबांमुळं. राधानगरी रोडला आत एका गावात त्यांचं घर, गोठ्याला लागून पत्र्याचं शेड आणि त्यात १९७१ ची फियाट डिलाइट. म्हणजे १९७४ पासून पुढं जिला पद्मिनी म्हणायला लागले तीच गाडी, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, चारी चाकांना ड्रम ब्रेक. आबांच्या थोरल्या भावानं नंबर लावून घेतलेली, ते गेले आणि गाडी शेडमध्ये गेली ती तिथंच. आबांचा मुलगा पुण्याला असतो, त्यानं फोनवर सांगितलं की टोचन लावून गॅरेजला न्या, खर्चाचं मी बघतो. आबा म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी इथनं टोचनावर जायची न्हाई. जाईल तर सवताच्या चाकांवर."

मला ते पटलं.

पहिल्या दिवशी मुलगा नवी बॅटरी घेऊनच आलेला, सरळ जोडून चावी मारायच्या तयारीत. मी हात धरला त्याचा. एवढी वर्षं उभ्या गाडीला एकदम सेल्फ मारायचा नसतो, सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, तशात जोर लावला की रिंग तुटते नाहीतर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे पडतात आणि मग जे काम तेलावर भागलं असतं ते इंजिन खोलण्यावर जातं. चारी प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि तसंच मुरू दिलं. मुलाला वाटलं मिस्त्री टाइमपास करतोय. वाटू दे, इंजिन घाईनं सुटत नाही.

तोवर चाकं. गाडी टॉप गिअरला टाकून मागंपुढं ढकलून इंजिन सुटतंय का बघायचं होतं, पण गाडी हलायलाच तयार नाही, मागची दोन्ही चाकं जाम. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले. लाकडी हातोड्यानं ड्रमला चहुबाजूनं हळूहळू ठोकत बसलो तेव्हा कुठं निघाले. आत बघितलं तर व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरमध्ये, नुसता गंज. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून सगळं खातं, बाहेरनं काही दिसत नाही. आणि या गाडीला पॅडलचा दाब ब्रेक ऑइलवर देणारा एकच मास्टर सिलिंडर, एकच लाइन, कुठंही एक पाइप फुटला की चारी चाकांचा ब्रेक गेला. म्हणून माझा नियम ठरलेला आहे, आधी थांबणारी गाडी करायची, मग चालणारी. घरी गाडी करणारी बरीच पोरं उलटं करतात, इंजिन सुरू झालं की व्हिडिओ काढतात, राउंड मारायला निघतात आणि ब्रेक पॅडल खाली जाऊन बसतं. ते बघून जीव खालीवर होतो माझा.

पार्टचं म्हणाल तर मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या होत्या तोवर तिचं काहीही मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये पासिंग झालेली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरनं गेल्या, आणि आता जो तो उरलेला माल दडवून बसलाय. लायनर आणि रबर किट मुंबईहून मागवले, पण चांगले व्हील सिलिंडर काही मिळेनात. मग आमचं उद्यमनगर कामाला आलं. जुनेच सिलिंडर लेथवर लावून बोअर केले, आत पितळी स्लीव्ह बसवली आणि मूळ साइज परत आणली. पितळ गंजत नाही, म्हणजे हे नव्यापेक्षा जास्त टिकणार. हे काम करणारे कारागीर आमच्याकडं अजून आहेत याचं मला फार बरं वाटतं.

ब्रेक लाइन नवीन ओढली, एअर काढली, पॅडल दगडासारखं लागलं, तेव्हा इंजिनाकडं वळलो. तेल मुरलेलं होतं, टॉप गिअरला टाकून ढकलली तर पहिल्यांदा नुसती कुरकुरली आणि मग सुटली. आबांनी कानावर हात ठेवला होता तो काढला. इंजिनाखालच्या चेंबरमधलं जुनं ऑइल काढलं, नवीन भरलं, प्लग बाहेरच ठेवून सेल्फ मारत राहिलो, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. प्लगला ठिणगी देणारे पॉइंट घासले, त्यांचा कंडेन्सर बदलला, कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकले. टाकी उतरवली, आत वाळलेल्या पेट्रोलचा डांबरासारखा थर होता, तो काढला. रबरी नळ्या आणि टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, इथेनॉल सोसणारे घातले, कारण आता पेट्रोल पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोलच मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग गळतं. पेट्रोल गळणारी गाडी कुणाच्या गोठ्याशेजारी मी ठेवणार नाही.

सुरुवातीला टाकी जोडलीच नाही, बॉनेटला बाटली टांगून नळीनं पेट्रोल दिलं, आम्ही त्याला सलाईन म्हणतो. चोक ओढला, सेल्फ मारला, धूर आला, खोकली, आणि लागली! मुरवलेल्या तेलाचा पांढरा धूर सगळ्या गल्लीत, पोरं गोळा झाली, आबांच्या घरच्यांनी नारळ आणला. बराच वेळ चालवली, टेंपरेचर बरोबर, आवाज बरोबर.

मग टाकी जोडली आणि गाडी थोडी चालून बंद. परत सुरू केली, परत बंद. लोक म्हणायला लागले जुनं इंजिन, एवढंच चालणार. पण सलाईनवर नीट चालणारं इंजिन टाकीवर मरतंय म्हणजे दुखणं इंजिनात नाही, टाकी ते पंप एवढ्या वाटेत आहे. पंपाची नळी काढून बघितली, आधी धार चांगली, मग बारीक होत होत थांबली. नळीत कचरा असता तर पहिल्यापासूनच बारीक आली असती. मी टाकीचं झाकण फिरवलं आणि फस्स् करून हवा आत गेली. धार परत सुरू.

झाकण उलटं करून बघितलं तर आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा, सोल्युशननं नीट चिकटवलेला. हे झाकण कधीतरी बदललेलं, हवेचं भोक त्यातच. पेट्रोल जाईल तशी त्या भोकातनं हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि पंप ओढूच शकत नाही. आबांना विचारलं. म्हणाले, "पत्र्यातनं पाणी ठिबकायचं. दादाच्या टाकीत पाणी जाऊ नये म्हणून मीच लावलंतं." मी म्हटलं, आबा, त्या तुकड्यामुळंच टाकीत पाणी नव्हतं, नाहीतर आज टाकी चाळणी झालेली मिळाली असती. हे त्यांना बरं वाटावं म्हणून नाही बोललो, टाकी मी स्वतः आतनं बघितली होती. तुकडा काढला, भोक तारेनं मोकळं केलं, शेडचा पत्रा मुलानं बदलून घेतला.

कागदपत्रांचं पण बोलणं झालं. गाडी पन्नास वर्षांच्या वरची, त्यामुळं २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण मग ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीला एवढंच. आबांना जोतिबाला जायचंय, बाजारला जायचंय. म्हणून साधं रिन्युअलच करायचं ठरलं, पर्यावरण कर भरायचा, फिटनेस काढायचा, पाच वर्षांची मुदत मिळते.

सध्या राहिलंय ते रंगाचं. मुलाला चकाचक रंग हवाय, आबा म्हणतात भावानं घेतलेला रंग तसाच राहू दे. मी आबांच्या बाजूनं आहे, फक्त ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजलाय तो कापून नवा वेल्ड करणार, पुढच्या आठवड्यात पत्र्याचं काम करणाऱ्या टिंकरला घेऊन जातोय.