तीन सुतांची फट

अण्णांची टाटा ४०७ नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेऊन नेऊन थकली होती. काही वर्षं गोठ्यामागं उभीच. यंदा तिला घरीच नीट करायला घेतली. इंजिन उतरवलं, धुतलं, रंगवलं. ते सगळं बिनबोभाट झालं. अडलो ते गिअरबॉक्सला परत जोडताना. तीन रविवार गेले, आठवलं की अजून चिडचिड होते.

इंजिन ४९७, म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, सिलिंडरचा आतला व्यास. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यामुळे चेनकुप्पीशिवाय, म्हणजे जड वजन उचलायच्या साखळी-कप्पीशिवाय, हलत नाही. गिअरबॉक्सखाली जॅक लावला आणि मी नि चुलतभाऊ इंजिन मागं रेटत होतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनवरच्या क्लचप्लेटमध्ये शिरला, सरकला आणि तीन सुतांची फट ठेवून थांबला (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). गिअर टाकून पुली फिरवली, जॅक वरखाली केला. वरची फट मिटली की खालची उघडायची. बघायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "बोल्ट लाव आणि आवळ, येतंय आपोआप." कृपा करून असं करू नका! बोल्टानं ओढलं तर हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचाचा, बोल्टाचा कान तुटतो, नाहीतर पायलट बेअरिंग, म्हणजे शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते इंजिनकडचं छोटं बेअरिंग, जातं.

तिसऱ्या रविवारी सगळं परत मागं घेतलं आणि बॅटरी मारून आत पाहिलं. पायलट बेअरिंगच्या कडेला चकचकीत ओरखडा. शाफ्टचं टोक तिथं अडत होतं, कारण क्लचप्लेट मी नुसत्या नजरेनं मधोमध धरून तिला दाबून ठेवणारी प्रेशर प्लेट आवळली होती. भंगारातून त्याच गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट किलोवर आणला, तो प्लेटमधून थेट बेअरिंगपर्यंत घातला आणि मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले. संध्याकाळी इंजिन हातानं रेटलं, तर फट मिटली. बोल्ट बोटांनी फिरले. त्या दोन मिनिटांसाठी मी तीन आठवडे झुरलो होतो.

रंगाचं राहिलंच. घासलेटानं धुतल्यावर थिनरचं फडकं फिरवा आणि मग ब्लॉकला हात लावू नका. तेलकट बोट लागलं तिथं रंग सुटतो. इंजिन नंबरवर रंगाचा थर चढू देऊ नका, आरटीओत तो वाचता आला पाहिजे. अर्थची पट्टी बसते ती जागा पॉलिश पेपरनं उघडी करा, नाहीतर स्टार्टर नुसता टकटक करतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधा ऑइलपेंट टिकत नाही, उष्णतेचा रंगच घ्या. पहिल्यांदा तापताना तो धुरावतो, घाबरू नका.

डिझेलच्या लाइनमधली हवा काढली आणि चौथ्या स्टार्टरला गाडी लागली. अण्णा केबिनमध्ये चढले, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. जराही खरखर झाली नाही.