तुम्ही विचारलंत म्हणून: ती नळी फेकून का देता?

सांगलीला गेलं की पहिल्या चहालाच कुणीतरी विचारतं, "एवढी महागडी तोफ, आणि एकदा उडवून फेकून देता?" २०२२ च्या जानेवारीत भारतानेही स्वीडनच्या एटी-४ ची, म्हणजे खांद्यावरून रणगाड्यावर मारायच्या या नळीची, ऑर्डर दिल्याची बातमी आली, तेव्हापासून तर मामा फोनवरही हेच. मी अमेरिकन लष्करात होतो, ती नळी खांद्यावर घेतलीय, म्हणून मला.

मामा, ती तोफ नाही. ८४ मिलिमीटरचा गोळा कारखान्यातूनच नळीत बसवून येतो. नळी म्हणजे त्याचं वेष्टन. तिला एकच बार सोसायचाय, म्हणून फायबरग्लासची, आणि सगळं मिळून वजन सात किलोच्या आत. रायफल, पाणी, काडतुसं अंगावर असतातच. पत्रावळ कुणी घासून ठेवतं का?

एवढं मी वर्षानुवर्षं सांगतोय. पुढचं सांगत नाही.

सरावाला खरा गोळा क्वचित मिळतो. तशाच दिसणाऱ्या नळीतून ९ मिलिमीटरची काडतुसं मारायची. हाताला तीच सवय. मग एकदा खरी मिळाली. पिन काढली, साइट उघडल्या. आता मागे बघायचं आणि ओरडायचं, 'बॅकब्लास्ट एरिया क्लिअर!', म्हणजे मागची जाळाची जागा मोकळी आहे. ओरडलो. बघितलं नाही. घोडा चढवायचा खटका पुढे ढकलून उजवीकडे खाली बसवला, लाल सेफ्टीवर बोट गेलं, तोच हेल्मेटवर सार्जंटचा फटका. "मागे बघ."

वीसेक पावलांवर आमच्याच तुकडीतला एक पोरगा वाकून बुटाची नाडी बांधत होता. अमेरिकेतल्या जॉर्जियाची तांबडी माती गुडघ्यापर्यंत. खांद्याला झटका बसू नये म्हणून गोळ्यामागचा जाळ मागच्या तोंडाने सोडतात. तिथे साठ मीटरपर्यंत माणूस नको.

त्याला तिथे जाऊ द्यायलाच नको होतं, हे मी आजही म्हणेन. तेव्हा तर मी एवढंच म्हणायचो, बार उडालाच नाही ना, मग झालं काय? झालं काहीच नाही. पण ओरडलो मीच होतो, आणि घसा अगदी खणखणीत होता.

दहा मिनिटांनी तीच नळी उडवली. हो, जुन्या रणगाड्याच्या सांगाड्याला लागली. आणि सरावाच्या रेंजवर फेकत नाहीत, मामा. रिकामी नळी मोजून परत द्यावी लागते. माझी तो पोरगाच घेऊन गेला. अजून गरम आहे म्हणाला.