आमची वाटचाल: अर्ध्यावर अडकलेल्या अपडेटनंतर

मेल सर्व्हर सांभाळणं हे आमच्या कंपनीचं मूळ काम नव्हतं. आम्ही सुरुवात केली ती नेटवर्कची केबल ओढणं, प्रिंटर जोडून देणं आणि वार्षिक देखभालीची कंत्राटं घेणं यातून. मेल सर्व्हर आमच्याकडे आले ते आडवाटेने. लहान-मध्यम कंपन्यांमध्ये एखाद्या खोलीत एक सर्व्हर असतो, त्यावर मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज हे मेल सांभाळणारं सॉफ्टवेअर चालू असतं. बसवून देणारा केव्हाच निघून गेलेला असतो आणि 'चालतंय ना, मग हात लावू नका' हे त्या खोलीचं धोरण असतं. प्रिंटरसाठी गेलेल्या माणसालाच मग हळूच विचारलं जातं, "तेवढं मेलचंही बघता का?" आम्ही बघू लागलो.

बघता बघता निम्मा धंदा त्यावर उभा राहिला. मात्र त्या कामाला शिस्त आली ती मार्च २०२१ नंतर.

त्या महिन्याच्या २ तारखेला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंजमधल्या चार गंभीर त्रुटींसाठी तातडीचे सुरक्षा पॅच काढले. त्रुटींचा गैरवापर आधीच सुरू झालेला होता, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायची सोय नव्हती. अडचण अशी की सुरुवातीला हे पॅच फक्त अलीकडच्या आवृत्त्यांवरच बसत होते. ज्यांचा सर्व्हर मागे राहिला होता, त्यांना आधी मोठं अपडेट, म्हणजे क्युम्युलेटिव्ह अपडेट, करणं भाग होतं. 'चालतंय ना' म्हणणारे आमचे बहुतेक ग्राहक याच गटातले.

बाहेरच्या माणसाला क्युम्युलेटिव्ह अपडेट म्हणजे किरकोळ डागडुजी वाटते. प्रत्यक्षात ते घरातलं सगळं सामान बाहेर काढून नव्याने घर मांडण्यासारखं आहे. सेटअप, म्हणजे अपडेट बसवणारा प्रोग्राम, चालू सर्व्हिसेस (पडद्यामागे सतत चालणारे प्रोग्राम) थांबवतो, जुन्या फाइली काढतो, नव्या घालतो, मग सगळं पुन्हा जोडून उभं करतो. मध्येच परत फिरायची वाट नाही. हे अपडेट अनइन्स्टॉल करायला गेलात तर एक्स्चेंजच निघून जातं. त्यामुळे अर्ध्यावर अडकलं की पुढेच जावं लागतं.

आणि ते अडकलं. हा ग्राहक आमच्याकडे नवा होता, सर्व्हरची आधीची देखभाल दुसऱ्या कोणाकडे होती. पूर्वतपासणीत सेटअपने एकही तक्रार केली नव्हती. सर्व्हिसेस थांबल्या, फाइली बदलल्या आणि त्यानंतर एका टप्प्यावर लाल अक्षरं आली. 'एंडपॉइंट मॅपरकडे आणखी एंडपॉइंट शिल्लक नाहीत', अशा अर्थाचा संदेश होता.

मालकांचा फोन लगेच आला. "मला तांत्रिक काही सांगू नका. मेल कधी येतील आणि आलेले हरवले तर नाहीत ना, एवढंच सांगा."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. इतका वेळ कोणी थांबून ऐकत नाही, तरी मी त्यांना ते नीट समजावलं. समोरचा सर्व्हर बंद असला की पाठवणारा सर्व्हर मेल टाकून देत नाही, स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचं, मानक, २००८ चं आरएफसी ५३२१, सांगतं की निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये. सगळे सर्व्हर ते पाळत नाहीत, एक्स्चेंज स्वतःच मूळ सेटिंगमध्ये दोन दिवसांनी हात टेकतं. तरीही एका रात्रीचा खोळंबा म्हणजे मेल हरवणं नव्हे. हे कळल्यावर त्यांचा आवाज उतरला. या धंद्यात निम्मं काम ग्राहकाला नेमकं किती घाबरायचं ते सांगण्याचं असतं, असं माझं मत आहे.

आता त्या संदेशाबद्दल. 'एंडपॉइंट मॅपर' वाचलं की कोणाचंही डोकं आरपीसीकडे (एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगायची पद्धत), डोमेन कंट्रोलरकडे (कंपनीतल्या सगळ्या संगणकांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), नेटवर्कच्या पोर्टांकडे धावतं. माझा भागीदार डोमेन कंट्रोलर तपासत बसला, तिथे सगळं ठणठणीत होतं. 'पुन्हा सेटअप चालवून बघू' हा मोहही होताच. पण सेटअप रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, खूण ठेवतो आणि तिथूनच पुढे सुरू करतो. कारण तसंच असेल तर त्याच जागी पुन्हा आपटतो.

सुटका केली ती आमच्या एका सहकारी ताईंनी. त्या आमच्याकडे आल्या हिशेब लिहायला, नंतर तांत्रिक बाजूला वळल्या. खतावणीत चूक शोधायची सवय असलेला माणूस लॉग, म्हणजे प्रोग्रामने लिहून ठेवलेली कामाची नोंद, वेगळ्या नजरेने वाचतो. त्यांनी सी ड्राइव्हवरच्या एक्स्चेंज-सेटअप-लॉग्ज या फोल्डरमधली मुख्य फाइल उघडली, शेवटची लाल ओळ सोडून दिली आणि मागे मागे जात पहिली चूक कुठे आहे ते शोधलं. तिच्या अगदी आधी सेटअप फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कवरून काय आत येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचा, नियम लिहायचा प्रयत्न करत होता. "हा नियम कोणाकडे लिहायला जातोय आणि तो घरी आहे का, ते बघा," त्या म्हणाल्या.

तो घरी नव्हता. विंडोज फायरवॉलची सर्व्हिस डिसेबल्ड होती, म्हणजे सुरूच होऊ नये अशी करून ठेवलेली.

गंमत अशी की फायरवॉल 'बंद' करण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्यात फार मोठा फरक आहे. प्रोफाइल, म्हणजे अडवण्याच्या नियमांचा संच, बंद केली तर फायरवॉल काही अडवत नाही, पण त्याची सर्व्हिस जागी राहते आणि नियम लिहून घेते. सर्व्हिसच डिसेबल केली तर नियम घेऊन येणाऱ्या सेटअपला दार उघडायला कोणी नसतं. ही मागणी आतल्या आत आरपीसीने जाते, म्हणून तक्रारही आरपीसीच्या भाषेत येते आणि 'फायरवॉल' हा शब्द त्या संदेशात कुठेच दिसत नाही. सर्व्हिस अशी बंद करणं मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, तरी सर्रास केलं जातं. कधीतरी एखादं सॉफ्टवेअर जोडलं जात नसतं, कोणीतरी वैतागून सर्व्हिस बंद करतं, काम होतं आणि विषय तिथेच राहतो.

फायरवॉलची सर्व्हिस चालू केली. सेटअप अडकलेल्या जागेच्या पुढे गेला आणि आणखी पुढे जाऊन पुन्हा थांबला. या वेळी एरर क्रमांक १०५८ होता: सर्व्हिस डिसेबल्ड आहे म्हणून सुरू करता येत नाही. ही सर्व्हिस एक्स्चेंजची स्वतःची होती.

हे कोणी केलं, असा प्रश्न पडला. उत्तर म्हणजे सेटअपनेच. अपडेट चालू असताना मध्येच कुठली सर्व्हिस जागी होऊ नये म्हणून सेटअप आधी त्यांची स्थिती टिपून ठेवतो, मग त्या थांबवून डिसेबल करतो आणि शेवटी पूर्ववत करतो. 'शेवटी' आलाच नाही तर त्या तशाच राहतात. सुरक्षा पॅचच्या बाबतीतही असं होऊ शकतं, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः नोंदवलेलं आहे. पॅच नीट बसलेला असतो, फक्त सर्व्हिसेस डिसेबल्ड राहतात. त्यांचा स्टार्टअप प्रकार ऑटोमॅटिक करून त्या हाताने सुरू करायच्या, आणि पॅच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवरूनच चालवायचा, असा त्यांचा सल्ला आहे.

इथे घाई करणारे आगीतून फुफाट्यात पडतात. एक ओळीची आज्ञा देऊन एक्स्चेंजच्या झाडून सगळ्या सर्व्हिसेस ऑटोमॅटिक करून टाकतात. पण पीओपी आणि आयमॅप या मेल वाचायच्या पद्धतींच्या सर्व्हिसेस मूळ मांडणीत मॅन्युअल, म्हणजे सांगितल्यावरच सुरू होणाऱ्या, असतात. कोणी वापरत नसताना त्या चालू ठेवल्या तर सर्व्हरचं एक दार उगाच उघडं राहतं, आणि तेही सुरक्षेसाठीच धावपळ चाललेली असताना. रजिस्ट्रीत प्रत्येक सर्व्हिसच्या नावाखाली 'स्टार्ट' नावाची किंमत असते: २ म्हणजे ऑटोमॅटिक, ३ म्हणजे मॅन्युअल, ४ म्हणजे डिसेबल्ड. त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या एका धडधाकट सर्व्हरशी ताडून आम्ही एकेक किंमत बसवली. कंटाळवाणं काम, पण याला पर्याय नाही.

सेटअप पूर्ण झाला. सर्व्हिसेस चालू दिसत होत्या आणि मेल तरीही हलत नव्हते. एक्स्चेंज २०१३ पासून सर्व्हिस चालू असणं आणि सर्व्हरने काम स्वीकारणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रत्येक घटकाची स्वतंत्र 'कंपोनंट स्टेट' असते. सेटअप काम करताना 'सर्व्हर-वाइड-ऑफलाइन' ही सगळ्या सर्व्हरची एकत्रित स्थिती निष्क्रिय करून ठेवतो आणि अर्धवट राहिला की तीही तशीच मागे राहू शकते. ती सक्रिय करतानाही ज्याच्या नावाने बंद केली त्याच्याच नावाने चालू करावी लागते, दुसऱ्याच्या नावाने केलेली मोजली जात नाही. हे झाल्यावर बाहेर ताटकळलेले मेल येऊ लागले.

मालकांच्या लेखी प्रकरण संपलं. आमच्या लेखी नाही, कारण दुसऱ्या दिवशी फायरवॉलची सर्व्हिस पुन्हा डिसेबल्ड झाली.

ती हाताने बंद केलेली नव्हतीच. डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे कंपनीतल्या सगळ्या संगणकांना एका जागेवरून लागू होणाऱ्या नियमांत, तशी नोंद होती. ग्रुप पॉलिसी साधारण दर ९० मिनिटांनी ताजी होते आणि तिच्यातल्या सुरक्षेच्या सेटिंग्ज काहीही बदल नसला तरी दर १६ तासांनी नव्याने लावल्या जातात. म्हणजे आम्ही सर्व्हरवर जे काही केलं, ते वरचा हुकूम शांतपणे पुसून टाकत होता. पॉलिसी कोणी लिहिली, कशासाठी लिहिली, याचा कागद नव्हता. आधीच्या देखभालवाल्यांना विचारलं, तर तो माणूसच तिथे राहिला नव्हता.

आमच्या कामाची पद्धत बदलली ती या शेवटच्या गोष्टीमुळे. तोपर्यंत अपडेटच्या आधी आम्ही बॅकअप घ्यायचो, डिस्कवर जागा आहे का बघायचो. आता सगळ्या सर्व्हिसेसची यादी स्टार्टअप प्रकारासह काढतो, जी डिसेबल्ड आहे तिच्यापुढे 'का?' लिहितो आणि हुकूम सर्व्हरवरचा की पॉलिसीतला ते बघतो. उत्तर मिळेपर्यंत अपडेटची वेळ ठरवत नाही.

भागीदाराचा याला विरोध होता. तपासणीचे वेगळे पैसे कोण देणार, हा त्याचा रोकडा सवाल. तो चुकीचा नव्हता. काही ग्राहकांनी 'आधी तर तुम्ही असं करत नव्हतात' म्हणत दुसरा माणूस शोधला. काहींनी तपासणी करून घेतली आणि अपडेट स्वतःच्या माणसाकडून करवलं. पण जे राहिले त्यांच्याकडे रात्रीची धावपळ कमी झाली आणि आमच्या पोरांना दुसऱ्या दिवशी कामावर येण्याइतकी झोप मिळू लागली. ठरावीक वेळेत संपणारं काम लहान कंपनीला परवडतं. कधी संपेल ते माहीत नसलेलं काम कितीही पैसे दिले तरी परवडत नाही.

प्रत्येक बंद सर्व्हिस म्हणजे खोडी नव्हे, हेही लवकरच दिसलं. त्याच वर्षी जुलैत प्रिंट स्पूलर या छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या सर्व्हिसमधली मोठी त्रुटी उघड झाली. जिथे छपाईचा संबंध नाही त्या सर्व्हरवर स्पूलर बंद करणं हाच शहाणपणा होता. आम्हीही केलं आणि यादीत कारण लिहिलं.

मग १ जानेवारी २०२२. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी एक्स्चेंजच्या रांगेत मेल तुंबले. व्हायरस तपासणाऱ्या भागाची आवृत्ती तारखेवरून बनत होती. २२ सालाचा आकडा २२०१०१०००१ झाला आणि अधिक-उणे चिन्हासकट ३२ बिटांत मावणारी कमाल संख्या आहे २१४७४८३६४७. सुट्टीच्या दिवशी आलेला तात्पुरता उपाय होता तो मेलमधली ती तपासणी बंद करण्याचा. दुरुस्ती नंतर आली. मेल वाहू लागल्यावर बंद केलेली तपासणी पुन्हा चालू करायची आठवण किती जणांना राहिली असेल, कोण जाणे. आमच्या यादीत ताईंच्या अक्षरात चार रकाने होते: काय बंद केलं, कोणी, कशासाठी, चालू कधी करायचं. शेवटचा रकाना त्यांनी लाल शाईत ठेवला होता.

लिनक्सवरच्या मेल सर्व्हरांसाठीही आम्ही तीच यादी वापरतो. तिथे नुसतं 'डिसेबल' केलेली सर्व्हिस हाताने सुरू करता येते, पण 'मास्क' केलेली कोणालाच सुरू करता येत नाही. पॅकेज अपडेट करताना ती सुरू करायचा प्रयत्न झाला तर तक्रार येणारच. नावं वेगळी, शोधायची रीत तीच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींना मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार संपला. आमचे काही ग्राहक क्लाउडवर गेले, काही नव्या सबस्क्रिप्शन आवृत्तीवर आले, काही अजून 'चालतंय ना' वर आहेत. स्थलांतराची कामं सध्या जास्त आहेत आणि जुनी यादी तिथेही उपयोगी पडते. जुन्या डोमेनमधली पॉलिसी नव्या सर्व्हरलाही लागू होते, त्यामुळे नवा सर्व्हर डोमेनमध्ये घेण्याआधी ताई पॉलिसीतल्या सर्व्हिसेसचा भाग स्वतः वाचतात. ज्या नोंदीचं कारण सांगणारा कोणी सापडत नाही, तिच्यावर ग्राहकाची लेखी परवानगी घेतो आणि मगच ती काढतो.