काम चालू आहे, गाडी हळू घ्या

आज हायवेवर एक लेन बंद होती. केशरी शंकू तिरप्या रांगेत लावलेले आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक बाई वाकून खडी सारखी करत होती. पाठ गाड्यांकडे. ट्रक बाजूने गेला की तिचं जॅकेट फडफडायचं, ती एका हाताने हेल्मेट धरायची आणि पुन्हा कामाला लागायची. बघूनच पोटात गोळा आला. माझ्या मागचा मात्र सारखा हॉर्न वाजवत होता. मी वेग वाढवला नाही.

ताशी १०० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तीन सेकंद मोबाइलकडे बघितलं, की ८० मीटरहून जास्त रस्ता न बघताच मागे पडलेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर साधारण चौपट होतं. आणि तो शंकू प्लास्टिकचा आहे हो, तो गाडी अडवत नाही!

'पुढे काम चालू' हा बोर्ड बराच आधी लावतात तो याचसाठी. तिथेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, लेन वेळेत बदला, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. ऐनवेळी मध्ये घुसणाऱ्यामुळे मागच्या सगळ्यांना करकचून ब्रेक मारावे लागतात. रात्री तर माणूस दिसतच नाही, दिसते ती जॅकेटवरची पट्टी, तीही आपला हेडलाइट पडल्यावर. झेंडेवाल्याने थांबवलं तर थांबा, त्याच्याशी हुज्जत घालू नका, प्लीज.