रांग नेमकी कुठे लागते?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे नेटवर्क आमच्याकडे देखभालीसाठी आले, तेव्हा मार्चअखेरची धांदल सुरू होती. तक्रार एकच होती. सकाळी अकराच्या सुमारास फोनवरचा आवाज तुटू लागतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुटतच राहतो. फोन आयपीवर, म्हणजे संगणकांच्या नेटवर्कवरूनच, चालणारे होते, त्यांचा सर्व्हर पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये होता आणि बाहेर जायला 20 एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 20 मेगाबिट वाहून नेणारी, लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र जोडणी) होती. आधी देखभाल करणाऱ्यांनी लाइन 50 एमबीपीएसची करून घ्या, असा सल्ला देऊन ठेवला होता. शिवाय क्यूओएस, म्हणजे कोणता डेटा आधी सोडायचा आणि कोणता थांबवायचा याचे नियम, स्विचवर (आतली यंत्रे एकमेकांना जोडणारी पेटी) आणि राऊटरवर (बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी) सुरू असल्याचेही त्यांनी लेखी दिले होते.

डिस्पॅच विभागातल्या मुलाने सहज सांगितलेली एक गोष्ट मला त्या कागदापेक्षा जास्त उपयोगी पडली. तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला पुण्याचे सगळे स्पष्ट ऐकू येते, पण त्यांना आमचे शब्द तुटक जातात." याचा अर्थ येणारी दिशा मोकळी होती आणि अडचण फक्त जाणाऱ्या दिशेला होती. पुण्याच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ मी लॅपटॉपवर मोजत बसले. साडेदहाला तो 12 मिलिसेकंदांच्या आसपास होता; अकरा वाजून गेल्यावर तो चढत चढत 400 च्या पुढे गेला आणि मधूनमधून उत्तरच येईनासे झाले. संभाषण सहज व्हायचे तर आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला 150 मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

लाइन अपुरी आहे, हे मात्र मला पटत नव्हते. तिथे वापरात असलेल्या जी 711 या पद्धतीत आवाजाचे दर 20 मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, निघतात. प्रत्येकात 160 बाइट आवाज आणि 40 बाइट पत्ता वगैरे मजकूर असतो, त्यामुळे एका कॉलला एका दिशेने साधारण 80 केबीपीएस, म्हणजे 0.08 एमबीपीएस, लागतात. एकाच वेळी दहा जण बोलत असले, तरी 20 एमबीपीएसपैकी जेमतेम चार टक्के जागा व्यापली जाते. उरलेली जागा कोण खात होते ते शोधायला वेळ लागला नाही. डिझाइन विभागाच्या फाइलींचा क्लाउड बॅकअप बरोबर अकराला सुरू होत असे. तो रात्री का ठेवला नाही, असे विचारल्यावर समजले की वीजबिल वाचवण्यासाठी रात्री सर्व्हर रूमचा एसी बंद करतात, म्हणून सर्व्हरही बंद ठेवतात. नेटवर्कच्या निम्म्या भानगडींचे मूळ अशाच कुठल्या तरी काटकसरीत सापडते, असा माझा अनुभव आहे.

बॅकअप कितीही जड असला, तरी क्यूओएस खरोखर चालू असते तर आवाजाला त्याची झळ लागायला नको होती. राऊटरवर आवाजासाठी वेगळी प्राधान्य रांग केलेली होती. 46 ही खूण असलेले पॅकेट त्या रांगेत घ्यावे, असा नियमही होता. प्रत्येक आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे पत्ता वगैरे असलेल्या भागात, अशा खुणेसाठी सहा बिट राखलेले असतात, म्हणजे 0 ते 63 असे 64 आकडे लिहिता येतात, आणि आवाजासाठी 46 वापरण्याची पद्धत जगभर रूढ आहे. पण त्या रांगेतून किती पॅकेट गेली हे दाखवणारा आकडा शून्य होता, आणि राऊटर तर कित्येक महिने बंदही झाला नव्हता, म्हणजे मोजणी नुकतीच नव्याने सुरू झाली असेल असेही नव्हते. मग मी वायरशार्क हा पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम लावून फोनजवळ आणि राऊटरजवळ अशी दोन ठिकाणी पॅकेट पकडली. फोनमधून निघालेल्या पॅकेटवर 46 होते, राऊटरपाशी पोहोचलेल्या त्याच पॅकेटवर 0. मधे फक्त स्विच होता. त्या पिढीच्या काही स्विचवर क्यूओएस चालू केले की कोणत्या पोर्टवरच्या खुणांवर विश्वास ठेवायचा हे वेगळे सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर स्विच आलेली खूण पुसून शून्य करतो. म्हणजे क्यूओएस चालू केल्यामुळेच आवाजाची ओळख हरवली होती. मी फोनच्या खुणेवर विश्वास ठेवण्याची आज्ञा दिली. फोनच्या मागे जोडलेल्या संगणकांच्या खुणा मात्र पुसल्याच जाव्यात, असे ठेवले, कारण संगणकावरचा कोणताही प्रोग्राम स्वतःला 46 लावून घेऊ शकतो. राऊटरवरचा आकडा लगेच पळू लागला.

दुसऱ्या दिवशी अकराला आवाज पुन्हा तुटला.

क्यूओएसबद्दलची सर्वांत मोठी गैरसमजूत इथेच आहे. प्राधान्याचे नियम रांग लागते तिथेच कामाला येतात. रांगच नसेल तर आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्न येत नाही. या राऊटरचे बाहेरचे पोर्ट 100 एमबीपीएसचे होते, लाइन 20 ची. राऊटरच्या दृष्टीने रस्ता रिकामाच होता, म्हणून तो सगळे पॅकेट आल्या आल्या पुढे ढकलत होता. रांग लागत होती ती पलीकडे, सेवा पुरवठादाराच्या पेटीत, आणि ती पेटी 46 आणि 0 मध्ये काहीच फरक करत नव्हती. 20 एमबीपीएसच्या तोंडाशी एक मेगाबाइटचा, म्हणजे आठ मेगाबिटचा, डेटा साठला, तर शेवटच्या पॅकेटला सुमारे 400 मिलिसेकंद थांबावे लागते. मी मोजलेला आकडा याच्याशी जुळत होता.

उपाय असा की रांग आपल्या ताब्यातल्या पेटीत ओढून आणायची. राऊटरला बाहेरचा वेग मुद्दाम 19 एमबीपीएसवर रोखून धरायला सांगितले, म्हणजे पुरवठादाराच्या पेटीत काही साठणारच नाही आणि जे थांबायचे ते आमच्याकडे, आमच्या क्रमाने थांबेल. या वेगाला 1500 बाइटचे पूर्ण पॅकेट बाहेर पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही, त्यामुळे आवाजाच्या पॅकेटला फार तर आधीच निघालेले एखादे पॅकेट संपेपर्यंत थांबावे लागते.

क्रम कोणी ठरवायचा, यावर मात्र दुपारी बैठक बसली. संचालकांचा लॅपटॉप सर्वांत वर हवा होता. डिझाइनवाल्यांना ग्राहकाकडे जाणाऱ्या ड्रॉइंगची घाई होती, गुणवत्ता विभागाला अहवालांची. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते. सर्वांना वर बसवले की कोणीच वर राहत नाही, हे मी परोपरीने सांगत होते. शेवटी लेखा विभागाचे प्रमुख, ज्यांना सारा कारखाना अण्णा म्हणतो, ते म्हणाले, "अहो, कुंभात आखाड्यांचा क्रम ठरवून देतात, त्याने रामकुंड काही मोठे होत नाही. ज्याला थांबता येते त्याला थांबवा, एवढेच बाई सांगताहेत." त्याच अण्णांनी ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढाव्या लागणाऱ्या कागदाचा, मुद्दा काढला, आणि तो माझ्या यादीत नव्हता. बिल तयार होताना डेटा अगदी थोडा जातो, पण ते हातात येईपर्यंत भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो. ते काम आणि ईआरपी (कारखान्याचा खरेदी-विक्री-साठ्याचा हिशेब ठेवणारी प्रणाली) यांना आवाजाखालोखालची रांग दिली. आवाजाच्या रांगेला 2 एमबीपीएसची मर्यादा घातली, नाही तर चुकून कोणी 46 लावून मोठा डेटा पाठवला तर बाकीचे उपाशी राहतील. बॅकअपला 8 ही खूण देऊन तळाला बसवले. संचालकांचा लॅपटॉप सर्वसाधारण रांगेतच राहिला. त्यावरून केलेला फोन मात्र आवाजाच्या रांगेत जातो, हे दाखवल्यावर त्यांची हरकत उरली नाही.

पुढच्या अकराला मी डिस्पॅचच्या टेबलापाशीच उभी होते. बॅकअप सुरू झाला, लाइन 19 वर टेकली, पुण्यापर्यंत जाऊन येण्याचा वेळ 14-15 मिलिसेकंदांच्या वर गेला नाही आणि त्या मुलाला पुण्याशी बोलताना एकही वाक्य पुन्हा सांगावे लागले नाही. बॅकअप रेंगाळला, त्याची तक्रार डिझाइनकडून आली; आता सर्व्हर रूमच्या एसीचा विषय पुन्हा निघाला आहे. लाइन वाढवण्याचा प्रस्ताव बाजूला पडला.

सिन्नरच्या त्यांच्या दुसऱ्या युनिटमध्ये हीच मांडणी उचलून लावता येत नाही. तिथे साधे ब्रॉडबँड आहे आणि त्याचा अपलोडचा वेग दिवसभर वरखाली होतो. 19 सारखा एक आकडा ठोकून दिला तर वेग घसरल्यावर रांग पुन्हा पुरवठादाराकडे जाईल, आणि फार खालचा आकडा धरला तर विकत घेतलेली लाइन वाया जाईल. सध्या तिथे दर तासाला वेग मोजून नोंदवण्याचे काम चालू आहे.